आकृती क्रमांक एक

पेटंट कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर अकरा टेबलं होती आणि त्यांतल्या दहांवर फाइलींचे डोंगर होते. अकरावं मात्र चकचकीत. त्यावर पाण्याची बाटली, दोन पेनं आणि काचेचा एक पेपरवेट. त्याच्याखाली दाबायला कागदही नसे. या टेबलामागे बसणाऱ्या तपासनिसाला सगळे निकालीराव म्हणत. नव्या शोधांचे हजारो अर्ज वर्षानुवर्षं तुंबून पडलेले, अर्ज करताना काळे असलेले केस निकाल लागेपर्यंत पांढरे होत, आणि हा गडी महिन्याला चाळीस फाइली हातावेगळ्या करी. वरचे लोक त्याचं उदाहरण देत. शेजारची टेबलं त्याला मनातल्या मनात शिव्या देत.

एवढ्या फाइली तो कशा उरकतो, हे मात्र कोणी विचारायला गेलं नव्हतं. गुपित साधं होतं. फाइल पातळ असली, म्हणजे छत्रीची मूठ, बाटलीचं झाकण, घडीची खुर्ची असलं काही असलं, की तो ती नीट वाचे आणि निकाल देई. जाड निघाली की न वाचताच हरकत काढी. आकृतीभोवती समास कमी सोडला आहे. रेघा एकसारख्या नाहीत. क्रमांक गोलात हवेत. असं एक पत्र धाडलं की महिन्याच्या तक्त्यात ती फाइल त्याच्या नावावरून उतरे. बला टळली. अर्जदार बिचारा आकृत्या पुन्हा काढून पाठवी आणि त्याची फाइल परत रांगेच्या शेपटाला लागे. वर्ष-सव्वा वर्षाने ती टेबलावर आली, की निकालीराव दुसरी हरकत काढायला मोकळा. यात आपण वावगं काही करत नाही, असं त्याला वाटे. असं वाटून घ्यायला माणसाला फारसे कष्ट पडत नाहीत.

बुधवारी दुपारी त्याच्या चकचकीत टेबलासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. सत्तरी ओलांडलेली, सदरा इस्त्रीचा, नखांच्या कडा कायमच्या निळ्या. काखेत कागदांची जाडजूड गुंडाळी.

"साहेब, तुम्हीच का ते? पत्रांवर सही असते ती?"

"हो. आपण?"

"मी रंगारी. कापड रंगवल्यावर जे पाणी नाल्यात सोडतात, ते गाळून परत हौदात घ्यायचं यंत्र केलंय मी. साडेपाच वर्षं झाली अर्जाला." मग त्याने हात जोडले. "आधी तुमचे आभार मानायचे होते. एवढं बारकाईने कोण बघतं हो आजकाल? चार वेळा चुका दाखवल्यात. दुसरा कोणी असता तर अर्ज फेकून दिला असता."

एकशे बारा पानांची ती फाइल निकालीरावला चांगली आठवत होती. आठवत होती ती तिच्या जाडीमुळे. नवव्या पानापुढे तो कधी गेलाच नव्हता.

"बसा ना, काका," तो म्हणाला. "काय काम काढलंत?"

काम असं होतं. पर्यावरणाला उपकारक शोधांसाठी सरकारने नवी जलद रांग काढली होती. तिच्यात नंबर लागला की सहा महिन्यांत निकाल. रंगाऱ्याने अर्ज भरला, तर आवक खिडकीवरच्या बाईंनी तो परत केला. ज्या फाइलीवर एकदा हरकत निघाली, तिची तपासणी सुरू झाली असं धरतात, आणि तपासणी सुरू झालेल्या फाइलीला जलद रांगेत जागा नाही. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

"एक कारखानदार यंत्र बसवायला तयार आहे," रंगारी म्हणाला. "पण तो म्हणतो, कागद आणा मग बसवतो. आणि पुढच्या वर्षी तो कारखाना विकणार. नवा मालक मला कशाला उभं करतोय? म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं. आकृत्यांत अजून काही राहिलंय का? चारही संच आणलेत."

त्याने गुंडाळी उलगडली. सगळ्यात आतला कागद पिवळट झाला होता. त्यावर हौद, नळ्या, गाळणीचे थर, सगळं काळ्या शाईत, नितळ.

"हे पहिलं. हे बायकोने काढलं होतं. कापडावरच्या छापाची नक्षी काढायची ती, चाळीस वर्षं. तुमचं पहिलं पत्र आलं, रेघा एकसारख्या नाहीत म्हणून. तिने परत काढल्या. मग दुसरं आलं, तिसरं आलं. तिसऱ्या वेळी तिचा हात थरथरायला लागला होता. म्हणायची, माझ्या वाकड्या रेघेपायी तुमचं घोडं अडलंय हो, चांगला ड्राफ्टसमन बघा. गेल्या वर्षी गेली. चौथ्या आकृत्या भाचीने कॉम्प्युटरवर काढल्या." रंगाऱ्याने कागदावरून हात फिरवला. "पण त्यावरही तुमचं पत्र आलंच."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर तीही सोय नव्हती. "बघतो, काका," एवढंच निकालीराव म्हणाला. "शुक्रवारी या."

नियम त्याला पाठ होता. जलद रांगेच्या परिपत्रकात सातवं कलम होतं: हरकती मुळातच काढायला नको होत्या, असं तपासनिसाने स्वतःच्या सहीने लिहून दिलं, तर तपासणी सुरूच झाली नाही असं समजावं. हे कलम घालणाऱ्यालाही ठाऊक असणार, की असं लिहून देणारा तपासनीस अजून जन्माला यायचाय. एका फाइलीवर तसं लिहिलं, की कोणीतरी दुसरी उघडणार, मग तिसरी. आणि निकालीरावच्या अशा फाइली दोनशेच्या वर होत्या.

गुरुवारी सकाळी मोठ्या मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि समोर बिस्किटांची बशी सरकवली. मोठ्या मॅडम बिस्किटं सरकवत, तेव्हा समोरच्याचं भलं व्हायचं असे.

"जलद रांगेचा कक्ष तुमच्याकडे देतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा योग्य माणूस कोण आहे? इतरांच्या टेबलांवर बघा, नुसता चिखल. पत्र सोमवारी निघेल."

तो आभार मानून बाहेर आला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं त्याच्या मनात आलं, पण हसू काही आलं नाही. घरी फोन करून बायकोला बढतीची बातमी द्यावी म्हणून त्याने मोबाइल काढला, आणि परत खिशात ठेवला.

मग त्याने ती फाइल काढली आणि पहिल्यांदाच दहावं पान उलटलं.

दुपारी तो जेवायला उठला नाही. फाइल अवघड असेल, म्हणून तर त्याने ती साडेपाच वर्षं टाळली होती. ती अवघड नव्हतीच. रंगाऱ्याने समोर बसून सांगावं तसं सगळं लिहिलं होतं: कोणत्या रंगाला गाळणीचा कोणता थर, पाणी किती वेळ थांबवायचं, कुठे फसलं. एका पानावर लिहिलं होतं, 'या रीतीने लाल रंग पूर्ण निघत नाही. मी तीनदा करून पाहिलं. कोणी करू नये.' आजवर निकालीरावने हजारो अर्ज पाहिले होते. आपली चूक इतक्या सरळपणे सांगणारा एकही नव्हता. साडेतीन वाजता वाचून संपलं. साडेतीन! एका दिवसाचं काम, तेही धड पूर्ण दिवसाचं नाही. त्याच्यासाठी त्याने एका बाईला मरेपर्यंत रेघा ओढायला लावल्या होत्या.

तरीही त्याने पट्टी घेतली. माणूस बुडताना काय काय धरतो! पहिल्या संचातला एखादा समास खरंच अर्धा सेंटिमीटर कमी भरावा, एखादी तरी रेघ जाड निघावी, म्हणून त्याने फाइलीतल्या बाराही आकृत्या मोजल्या. समास नेमके होते. रेघा तर छापल्यासारख्या. त्याला स्वतःची किळस आली.

शुक्रवारी रंगारी सव्वाचारला आला. तोच सदरा, तीच गुंडाळी. निकालीरावने कागद तयार ठेवला होता.

"हा आवक खिडकीवर द्या, काका. अर्ज घेतील."

रंगाऱ्याचा चेहरा उजळला. त्याने कागद डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला. वाचता वाचता एका ठिकाणी थांबला.

"'अनवधानाने हरकती काढण्यात आल्या.' अनवधानाने म्हणजे?"

"म्हणजे... लक्ष नसताना. चुकून."

"चारही वेळा?"

तो शब्द निकालीरावने काल बराच वेळ खपून निवडला होता. कोणाला लागणार नाही, कोणाला दिसणार नाही असा. म्हाताऱ्याला काही सुचवायचं नव्हतं. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि तो उत्तराची वाट बघत होता.

"नाही," निकालीराव म्हणाला. "चुकून नाही. फाइल जाड होती. वाचायची टाळली मी. हरकत काढली की ती टेबलावरून जाते, म्हणून काढत गेलो."

आता रंगारी ओरडेल, शिव्या घालेल, कागद तोंडावर फेकेल, असं निकालीरावला वाटलं. खरं तर त्याला तेच हवं होतं. म्हाताऱ्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने गुंडाळीतून तो पिवळट कागद काढला, टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर बाटली, दोन पेनं आणि पेपरवेट ठेवला.

"म्हणजे हिचं चित्र बरोबर होतं?"

"हो."

"हे पहिलंच?"

"पहिलंच. मी काल मोजून पाहिलं."

"मोजलंत," रंगारी म्हणाला. "काल." मग त्याने आकृतीतल्या एका रेघेवरून बोट फिरवलं. "पत्र आलं की दोन-दोन दिवस ती बोलायची नाही हो. मीही एकदा म्हटलं होतं तिला, जरा नीट काढ की. मी म्हटलं होतं." त्याने डोळे पुसले नाहीत, पुसण्यासारखं काही आलंच नव्हतं.

निकालीरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षमा करा म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि ते किती स्वस्त आहे हे कळून मिटलं. ज्यांची क्षमा मागायची, त्या बाईंपर्यंत आता कुठलंच पत्र जाणार नव्हतं. त्याने रंगाऱ्याला दिलेलं आपलं पत्र परत घेतलं, टराटरा फाडलं आणि कोरा कागद पुढ्यात ओढला. पाच मिनिटं तो खाली मान घालून लिहीत होता. एकदाच थांबला, सोमवारच्या पत्राची आठवण झाली तेव्हा. मग सही केली, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला.

रंगाऱ्याने कागद हातात घेतला नाही.

"वाचून दाखवा, साहेब. चष्मा नाही आणला."

चष्मा त्याला मघाशीही लागला नव्हता. ते दोघांनाही ठाऊक होतं.

निकालीरावने हळू आवाजात सुरुवात केली.

"जरा मोठ्याने. ऐकायलाही कमी येतं."

शेजारच्या टेबलावरची लेखणी थांबली. निकालीराव उभा राहिला. उभं राहायची काही गरज नव्हती, पण बसून वाचवेना.

"'या अर्जासोबतच्या पहिल्या आकृत्या संपूर्णपणे नियमानुसार आणि अचूक होत्या. त्यांत कोणताही दोष नव्हता. नंतरच्या चारही हरकती निराधार असून, फाइल वाचावी लागू नये म्हणून मी त्या जाणूनबुजून काढल्या. अशाच रीतीने मी इतर फाइलींवरही हरकती काढल्या आहेत. त्यांची यादी मी स्वतंत्रपणे सादर करीन.'"

दहाही टेबलं वर बघत होती. आवक खिडकीवरच्या बाई जागेवरून अर्ध्या उठल्या होत्या. मोठ्या मॅडमच्या केबिनचं दार उघडलं होतं आणि त्या दारातच उभ्या होत्या. घड्याळात पाचला वीस कमी होते. निकालीरावचे कान तापले होते, आणि या खोलीत आपण पुन्हा कधी मान वर करून चालू असं त्याला वाटत नव्हतं.

रंगाऱ्याने पिवळट कागदावरची बाटली उचलली, पेनं उचलली, पेपरवेट उचलला. कागदाची हळुवार गुंडाळी केली आणि ती छातीशी धरली.

"पहिली दोन वाक्यं," तो म्हणाला, "परत वाचा."

निकालीरावने ती परत वाचली, या वेळी खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशी.