आजोबांचा थांबण्याचा तास

ठकीला शिकवायला येणाऱ्या बाई आणि ठकीचे आजोबा यांची पहिल्याच दिवशी जुंपली.

ठकी चार वर्षांची, स्वमग्न. बोलत नव्हती. काही हवं असलं की त्या वस्तूकडे नुसती बघत राहायची. आजोबांचा सगळा जन्म शिंपीकामात गेलेला, माणूस दारात उभा राहिला की त्याचं माप कळायचं, मग नातीची नजर कळायला कितीसा वेळ लागणार? तिनं पाण्याकडे बघितलं की पेला हजर. बाईंची तक्रार नेमकी हीच होती. न मागता सगळं मिळतंय, तर पोरगी मागेल कशाला?

बाईंची पद्धत साधी. साबणाचे फुगे उडवायचे, ठकी रंगात आली की बाटलीला झाकण लावायचं आणि वाट बघायची. तिनं हात पुढे केला, आवाज काढला, काहीही करून मागितलं, की लगेच फुगे. नाहीच मागितलं, तर बाई स्वतः "फू" म्हणून दाखवायच्या आणि पुन्हा वाट बघायच्या.

हे वाट बघणं आजोबांच्या जिवावर यायचं. एकदा ते मुद्दाम खोकले, एकदा त्यांनी नातीला डोळ्यांनी खुणावलं, आणि एकदा तर चक्क खिशातून दुसरी बाटली काढली. तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं, की पुन्हा लुडबूड झाली तर आजोबा दाराबाहेर. आजोबांचं धाबं दणाणलं. ठकी खळखळून हसायची ती याच तासाला, आणि त्या हसण्यासाठी ते सकाळपासून घड्याळाकडे डोळे लावून बसायचे.

मग ते हात मांडीखाली दाबून बसू लागले. थांबता आलं की बाई म्हणायच्या, "छान थांबलात," आणि थर्मासमधला चहा पुढे करायच्या. घोटभरच. सून दुसरा चहा देत नसल्यामुळे आजोबा खूश. जरा जास्त थांबले तर सोबत बिस्किटही यायचं. बरेच दिवस असं गोडीगुलाबीनं चाललं आणि मग एकदाचा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की इथे शिक्षण एकट्या ठकीचं चाललेलं नाही. ते मनातून चडफडले. उद्यापासून चहाला हात लावायचा नाही, असं त्यांनी बाणेदारपणे ठरवलं. दुसऱ्या दिवशी चहा आला आणि त्यांनी तो प्यायला.

एके दुपारी बाईंनी नेहमीसारखं झाकण लावलं. ठकीनं बाईंकडे बघितलं, बाटली उचलली आणि सरळ आजोबांच्या मांडीवर आणून ठेवली. तिला काय हवंय ते त्यांना अर्थातच कळलं. हात शिवशिवायला लागले. त्यांनी बाईंकडे बघितलं, तर बाई छताकडे बघत होत्या. आजोबा बसून राहिले. इतकं अवघड काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"फू," ठकी म्हणाली.

तिचं बोलून केलेलं पहिलं मागणं, आणि तेही त्यांच्याकडे. आजोबांनी घाईघाईनं झाकण उघडून काडी तोंडापुढे धरली, पण ओठच थरथरायला लागले. नुसती हवा. पुन्हा नुसती हवा. ठकी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती, जराही घाई न करता. बाईंना मात्र राहवलं नाही. त्यांनी काडी घ्यायला हात पुढे केला.

"बाई, जरा थांबा की," आजोबा म्हणाले. "मला जमेल."