घसरूच्या पडण्याचा आवाज

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. माझ्या कडा गंजल्या आहेत आणि मधोमध एक खोल पोचा आहे. तुम्ही मला ओळखणार नाही. पण तुमच्या आजी-आजोबांनी रेडिओवर माझा आवाज नक्की ऐकला असेल.

माझा जन्म फार दूरच्या थंड देशात झाला. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा तिकडून मोठमोठी यंत्रे येत. समुद्राच्या खाऱ्या हवेने यंत्र खराब होऊ नये म्हणून लाकडी खोक्याला आतून पत्रा लावत. तो पत्रा मी. यंत्र बाहेर निघाले, खोके जळणाला गेले आणि मी भंगाराच्या ढिगावर पडून राहिलो. तिथे उन्हात तापून निघालो की वाटे, आपले आयुष्य सुरू होण्याआधीच संपले.

तिथून मला बळीरामने उचलले. बळीराम साकोलीकडचा, कारखान्यात वायरमन. त्याने साहेबाकडून रीतसर परवानगी घेतली, मला डोक्यावर धरले आणि सेक्टर दोनच्या क्लबात आणले. तिथे ध्वनिमुद्रणासाठी खिडक्यांना गोधड्या लावून एक खोली तयार केली होती. क्लबाचे कारकून शामराव यांच्या ताब्यात टेपरेकॉर्डर होता. बळीरामने मला खुंटीला टांगले आणि हलकेच हलवले. घुमणारा आवाज निघाला. शामराव उठून उभेच राहिले. भट्टी धगधगत असावी, तसा तो आवाज होता.

बळीरामच्या डोक्यात एक मोठे खूळ होते. रेडिओवर त्या वेळी राजेरजवाड्यांची आणि शहरी दिवाणखान्यांची नाटके लागत. त्याला तेरा भागांची विनोदी मालिका करायची होती, आणि तिच्यात अख्खा कारखाना हवा होता. भट्टी, क्रेन, मालगाडी, कँटीन, पाच मुलखांच्या बोल्या, सगळे. आणि हे सगळे त्या एका खोलीत, चार माणसांनी करायचे. शहरातल्या रेडिओ केंद्राने कामगारांच्या कार्यक्रमात ती लावायचे कबूल केले. मालिकेचे नाव ठरले, ‘घसरू आला ड्युटीले’.

घसरू झाला होता धोंडबा. तो खऱ्या आयुष्यातही खलाशी होता, म्हणजे उंचावर चढून दोरांनी लोखंड वर ओढून घेणारा. गावाकडे तो दंडारीच्या खेळात, म्हणजे लोकनाट्यात, सोंगे करायचा. त्याचे पडणे बघायला चार गावची माणसे जमत. रेडिओवर पडणे दिसत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आले. घसरू प्रत्येक भागात कुठून तरी पडे. बळीराम मला उंच धरून फरशीवर सोडून देई, मागोमाग एक पितळी परात आणि मूठभर चमचे. केवढा तो खणखणाट! आणि तो थांबला की धोंडबाची बायको दुर्गा, जी मालिकेतही त्याची बायको झाली होती, शांतपणे म्हणे, “पडले का जी? मंग पडूनच राहा, चा तिथंच आनून देतो.”

मित्रांनो, या एका वाक्याने भिलाई वेडी झाली. रविवारी संध्याकाळी बाजारातल्या रेडिओच्या भोंग्यासमोर माणसे गोळा होत. पोरे सायकलवरून पडली की दुसरी पोरे हेच म्हणत. तेलुगू बोलणारे, पंजाबी, छत्तीसगढी, सगळ्यांच्या तोंडी दुर्गाचे मराठी. शाबासकी धोंडबाला मिळे, दुर्गाला मिळे. पण मला ठाऊक होते की आधी मी वाजतो, मग लोक हसतात. मी फार फुगलो होतो. माझ्या मधला पोचा रोज थोडा खोल होत होता, त्याचाही मला अभिमान वाटे.

अकरा भाग फितीवर घेऊन झाले. बाराव्याची तालीम एका सोमवारी संध्याकाळी ठरली होती. शामरावांनी यंत्राला फीत लावून ठेवली. कोणीच आले नाही. अंधार पडता पडता बळीराम एकटा आला. त्याच्या सदऱ्याची एक बाही लाल होती. तो खुर्चीवर बसला नाही. जमिनीवर बसला, माझ्या अगदी समोर.

धोंडबा पडला होता. बांधकामावर पाणी मारून ओल्या झालेल्या फळीवरून त्याचा पाय सरकला आणि तो खाली सळ्यांच्या ढिगाशी येऊन आदळला. चहाची सुट्टी होती. खाली बरीच माणसे उभी होती. बळीराम थोड्या अंतरावर तारा जोडत होता.

“लोक हसून राहिले होते, शामराव,” तो म्हणाला. “तो पडला अन् लोक हसले. त्यायले वाटलं, घसरू पडला.”

शामरावांनी यंत्रावरची फीत उतरवली.

“एक जन तर वयनीचं बोलनं बोलला. चा तिथंच आनून देतो म्हने. सारे अजूनच हसले. तो आ करून पडला होता, तोंडातून आवाज निघत नोता, अन् मानसं टाळ्या देऊन राहिली होती.”

बळीराम ओरडत धावला, तेव्हा कुठे लोकांना रक्त दिसले. मग मात्र त्याच माणसांनी धोंडबाला हातांवर उचलून दवाखान्यात नेले. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते, कंबरही दुखावली होती. जीव वाचला. पण बळीराम पुन्हा पुन्हा तेवढेच सांगत राहिला की लोक हसले. जणू ते सांगितल्याने खोटे ठरणार होते.

मी पत्रा आहे. मला थंडी-ऊन कळते, पण त्या संध्याकाळी मला जे झाले त्याला माझ्याकडे शब्द नाही. या लोकांना पडण्यावर हसायची सवय कोणी लावली होती? पहिला आवाज माझाच होता ना?

पुढच्या रविवारी अकरावा भाग लागायचा होता. त्याची फीत आधीच केंद्रावर पोचली होती. बळीराम बाजारात गेला. भोंग्यातून माझा खणखणाट आला, दुर्गाचे वाक्य आले, आणि ज्यांना दुर्घटना ठाऊक नव्हती ते हसले. ज्यांना ठाऊक होती, त्यांतलेही काही आधी हसले आणि मग त्यांनी तोंडावर हात धरले. बळीरामने पुढे होऊन रेडिओ बंद केला. लोकांनी कारण विचारले, तर त्याला सांगता येईना. तसाच तो क्लबात आला, मला खुंटीवरून काढले आणि भिंतीकडे तोंड करून कपाटामागे टाकले. मालिका संपली, असे त्याने शामरावांना सांगितले.

कपाटामागे मी कित्येक दिवस होतो. धूळ बसली, एका पालीने माझ्याआड अंडी घातली. मग एका सकाळी दुर्गा आली. ती नेहमी हसत येणारी बाई, पण त्या दिवशी तिने दारातच चपला काढल्या आणि उभ्यानेच निरोप सांगितला. धोंडबाला उरलेली मालिका पुरी करायची होती. सगळी नाही, एकच शेवटचा भाग.

बळीरामने नकार दिला. घसरूला आता मी पाडणार नाही, असे तो म्हणाला.

“तेच तर करा म्हनते थे,” दुर्गा म्हणाली. “घसरू पडलाच पाहिजे म्हनते. मले बी नाही समजत, भाऊजी. पन मानूस इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही मागून राहिला.”

धोंडबाला सायकलरिक्षातून आणले. पाय प्लास्टरमध्ये, चेहरा अर्धा झालेला. त्याला मायक्रोफोनसमोर खाटेवर टेकवून बसवले. बळीरामने मला कपाटामागून काढून पुसले. आता पुन्हा मीच वाजणार, असे मला वाटले. पण धोंडबाने माझ्याकडे पाहून मान हलवली.

“पत्रा नको, बळीराम. मानूस पडते तवा असा आवाज नाही येत.”

“मंग कसा येते?”

 धोंडबाने कोपऱ्यातले तांदळाचे पोते दाखवले.

तसेच केले. घसरू शिडी चढतो, बडबड करतो, गाणे म्हणतो, आणि बळीरामने पोते फरशीवर सोडले. धप्प. एवढेच. त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली, तशी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. आता दुर्गाने तिचे ठरलेले वाक्य म्हणायचे होते. कागदावर ते होते. तिने तोंड उघडले, मिटले. बळीराम तिला खुणा करत होता. ती कागद खाली ठेवून खाटेजवळ गेली.

“लागलं का जी?” तिने विचारले.

धोंडबाच्या कागदावर याला उत्तर नव्हते. त्याने सोंग सोडून, नवऱ्याने बायकोकडे बघावे तसे तिच्याकडे पाहिले. “लागलं,” तो म्हणाला. “लय लागलं, दुर्गे.”

शामरावांनी यंत्र थांबवले नाही. तोच भाग तसाच केंद्राला गेला आणि तसाच लागला. बळीराम सांगत होता की बाजारात भोंगा बंद झाल्यावरही माणसे बराच वेळ जागची हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी धोंडबाच्या क्वार्टरसमोर ओळखीची-अनोळखी माणसे येऊन उभी राहिली. कोणी केळी आणली, कोणी नुसतेच बसून गेले. हसल्याबद्दल कोणी काही बोलले नाही, आणि धोंडबाने कोणाला विचारलेही नाही.

मालिका पुन्हा झाली नाही. धोंडबा लंगडतच राहिला. त्याला पुढे दोरखंडांच्या गोदामात बसून करायचे काम मिळाले. मला दुर्गाने मागून घेतले आणि अंगणातल्या न्हाणीला आडोसा म्हणून बांधले. सुरुवातीला मला वाईट वाटले. रेडिओवर गाजलेला मी, आणि आता साबणाचे पाणी अंगावर घेत उभा. पुढे पुढे कोणी माझ्याकडे बघेनासेही झाले. सुतळी कुजली तरी बदलायचे कोणाच्या लक्षात आले नाही.

एका वैशाखाच्या दुपारी वावटळ आली. सुतळी तुटली आणि मी फरशीवर आपटलो, बादली आणि तांब्या घेऊन. तोच जुना खणखणाट! मी मनातल्या मनात अंग चोरले. आता पलीकडून हसणे ऐकू येईल, म्हणून वाट पाहिली.

हसणे आले नाही. धावणारी पावले आली. शेजारची बाई पिठाच्या हातांनी आली, समोरचा भैयालाल जेवणावरून उठून उष्ट्या हाताने आला, पोरे आली. सगळे एकदमच विचारत होते, कोण पडलं, लागलं का. दुर्गाला दारात उभे राहून सांगावे लागले की कोणी पडले नाही, नुसता पत्रा आहे.

नुसता पत्रा! मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला याहून मोठी शाबासकी मिळाली नाही. तुम्ही खूप हसा. हसवणाऱ्या माणसांनी फार कष्टाने तुमच्यासाठी ते हसू घडवलेले असते. पण कुठे काही पडल्याचा आवाज आला, तर आधी धावत जा. पत्राच असेल, तर उचलून नीट बांधा, सुतळी नवी लावा. आणि माणूस असेल, तर त्याला विचारा.