भूमिका या रकान्यात

"हिरव्या झाकनाचं," सोजरबाईनं सांगितलं आणि पदराच्या गाठीतून ते झाकण काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

मेडशी गावात फवारणीची औषधं झाकणाच्या रंगावरून ओळखतात. सोजरबाईच्या नवऱ्यानं, पुंजाजीनं, हिरवं आणि लाल एकाच बादलीत ओतून, काठी सापडेना म्हणून कोपरापर्यंत हात घालून ढवळलं होतं. आता खाटेवर त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पायजमा खराब झाला होता. त्या घाणीवरही औषधाचाच उग्र वास चढला होता.

बाटलीवरचं बारीक नाव त्याच्या मुलीनं, ज्योत्स्नानं, वाचून आणलं होतं. डॉक्टरांनी ते संगणकावर टाकलं. पान उघडलं.

<रेणू>
अणू १: फॉस्फरस
अणू २: गंधक
बंध: १–२, दुहेरी …
भूमिका: पीकसंरक्षक

एवढंच. डॉक्टरांनी पान खालीवर केलं, मग डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या बघून अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिथून कोणी उचलेपर्यंत पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी अंदाजानंच सुई दिली.

ते पान ज्योत्स्नानंच लिहिलं होतं.

रसायनशास्त्रात एमएस्सी करून ती घरी बसून हेच काम करायची. प्रत्येक अणूला क्रमांक द्यायचा, कोण कोणाला जोडलेला ते खुणांच्या भाषेत लिहायचं, म्हणजे जगातल्या कुठल्याही यंत्राला तो रेणू वाचता येतो. मग त्याला वर्गांच्या झाडावर बसवायचं: हा कोणत्या कुळातला, काय करतो. हिरव्याला तिनं दोन भूमिका दिल्या होत्या. दुसरी होती, माणसाच्या चेतासंस्थेचं विष. गेल्या महिन्यात तिला हे काम देणाऱ्या मोहनसिंगचा फोन आला. तो इकडच्याच इंझोरीचा, गोड बोलायचा. औषध बनवणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीला एकच भूमिका हवी होती.

"झाड तसंच राहू द्या, मॅडम. तेवढं एक पान खुडून टाका. कोन पाह्यते?"

तिनं खुडलं. एक ओळ. वर चहासुद्धा प्याली.

</रेणू>

पाचव्या दिवशी पुंजाजी घरी आला. शर्ट तीनदा धुऊनही वास जात नव्हता, आणि आता ज्योत्स्नाला तो स्वतःच्या बोटांना येत होता. तिनं फाईल उघडली, दुसरी भूमिका परत लिहिली, पाठवून दिली.

संध्याकाळी मोहनसिंगचा फोन. या वेळी मॅडम नव्हतं. कायले नसत्या भानगडीत पडली, एवढंच त्यानं विचारलं. सकाळी पान पुन्हा एका भूमिकेचं झालं होतं आणि तिचा पासवर्ड चालत नव्हता.

पुंजाजी दारात बसून संगणकाच्या बंद पडद्याकडे बघत होता. त्याचा हात अजून थरथरत होता.

"दिवसभर काय काढत राह्यते व तू त्याच्यात?"

तिनं दवाखान्याच्या कागदामागे पेनानं काढून दाखवलं. अणू, बंध, कुळ. खाली मोठ्या अक्षरांत दुसरी भूमिका.

"हे हिरव्याचं, बाबा."

"इतकंसं हाय ते?" त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "लालाचंबी काढून दे. गुरुवारी तूर फवाराची हाय."

नको जाऊ, असं ती म्हणाली. मग कोन जाईन, एवढंच तो म्हणाला. तिनं लालाचंही काढलं.

पुंजाजीनं दोन्ही कागदांची चौपदरी घडी घातली, तंबाखूच्या पुडीशेजारी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून गुंडी लावली. ती लावायला त्याला बराच वेळ लागला.

<रेणू>