सुलाबाईच्या हातचा अडुळसा

मी अडुळसा बोलतोय. कडूच बोलेन, आधीच सांगून ठेवतो. शेळीसुद्धा मला तोंड लावत नाही. म्हणून तर सायखेड्याच्या सुलाबाईनं मला वांगी-मिरचीच्या मळ्याला कुंपण म्हणून लावलं.

काय दिवस होते ते! नव्वद-एक्याण्णव साल असेल. गोदावरीवरून गार वारा सुटला की गाव खोकायला लागायचं आणि माझी पानं तोडून न्यायचं. ना विचारणं, ना सांगणं! सुलाबाई पान तव्यावर गरम करायची, वाटून फडक्यातून पिळायची, मध घालून चाटवायची. सगळ्यांची तोंडं वाकडी व्हायची. मला भारी गंमत वाटायची. पिकत घातलेल्या केळ्यांवरही माझीच पानं असायची.

पुढे तिच्या मुलाला, रंगनाथला, नाशकात नोकरी लागली. सुलाबाई इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आली ती माझी फांदी घेऊनच. गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात मी रुजलो. सून मनीषा फार्मसी शिकलेली, औषधाच्या दुकानात कामाला होती.

तिला दिवस गेले आणि त्याच थंडीत खोकला जडला. सुलाबाईनं मायेनं रस काढला. "घे पोरी, लय गुणाचं हाय."

मनीषानं वाटी बाजूला ठेवली. "आई, रागावू नका. याच्या पानात वासिसिन असतं. त्यानं कफ सुटतो, पण गर्भाशयही आकुंचन पावू शकतं. आत्ता नको."

सुलाबाई पांढरीफटक पडली. "अगं बाई! माझ्याच हातानं घात झाला असता!" डबा उचलून ती थेट कचऱ्याकडे निघाली. संपलो, म्हटलं.

"अहो, त्याचा काय दोष?" मनीषानं डबा धरला. "कफ पातळ करायची गोळी विकते ना मी, ती याच्यावरूनच बेतलीय."

मी वाचलो. नात शुभांगी सुखरूप जन्मली. पण सुलाबाईनं पान तोडणं सोडलं ते सोडलंच. पाणी घालायची, धूळ पुसायची, कुणी पानं मागितली तर म्हणायची, "दुकानातून बाटली आणा." बिनकामाचं हिरवं राहणं फार जिवावर येतं हो.

शुभांगी बालवाडीत जायला लागली त्या हिवाळ्यात मनीषा पुन्हा खोकायला लागली. गॅलरीत आली, माझी दोन पानं खुडली आणि सासूच्या हातात ठेवली.

"द्या ना करून. आता पोटात कुणी नाही."

"भ्या वाटतं गं."

"मी सांगतेय ना, आई."

सुलाबाईनं तवा ठेवला. तो वास किती वर्षांनी आला! मनीषानं चाटलं, तोंड वाकडं केलं आणि तळहात परत पुढे केला. सुलाबाई खुदकन हसली.

आता माझी खालची पानं निम्मी झालीत. तोडा बाबांनो, खुशाल तोडा; पण जाणत्या माणसाला विचारून तोडा.

सुलाबाई, तू मात्र मला विचारत बसू नकोस.