उभ्या गाडीचं माप

मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, थेरडी म्हणा, मी रागावणार नाही. फक्त खटारा म्हणू नका. मी मोटारसायकल आहे. रंग काळा, टाकी फुगीर, आणि वय एवढं, की माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या बहिणींपैकी किती रस्त्यावर आहेत आणि भंगारात जाऊन कितींच्या बादल्या झाल्या, ते देवालाच ठाऊक. मला सजवून बोलता येत नाही. शाळा मी बघितली ती फाटकाबाहेरूनच. तेव्हा जसं आठवेल तसं सांगते, गोड मानून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकाने सांगाडा उभा केला, दुसऱ्याने चाकं घातली, तिसऱ्याने टाकी ठेवली. सगळ्यात शेवटी एक चष्मेवाले बाबा होते. त्यांनी किक मारली, डोळे मिटून माझा आवाज ऐकला, टाकीवर थाप दिली आणि म्हणाले, "जा बाई, सुखाने नांद." झाली माझी पाठवणी.

नांदायला आले ती एका कपडे शिवणाऱ्याच्या घरी. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पुढे दुकान, मागे घर. दुकानात दोन शिलाई मशीन, एक लांब कापायचं टेबल, इस्त्री आणि भिंतीला माणसाएवढा आरसा. मास्तर कापणार आणि शिवणार, त्यांच्या बाई काजं-बटणं करणार, असा दोघांचा संसार. मी पायरीशेजारी उभी असायचे. तिथून आरशात मला माझा अर्धा दिवा आणि एक हँडल दिसायचं. पहिले काही दिवस तर मी स्वतःवरच खूश होते.

काम म्हणाल तर भरपूर. गावाच्या टोकाला चढावर एक मोठा दवाखाना आहे. तिथल्या नर्सबाईंचे, वॉर्डातल्या माणसांचे, स्वयंपाकघरातल्या लोकांचे सगळे कपडे मास्तरांकडे शिवायला. दर शुक्रवारी मास्तर पुढे, बाई मागे, आणि दोघांच्या मध्ये हा एवढा गठ्ठा. चढ चांगला छातीवर येणारा. पण मी दुसऱ्या गिअरवर गुणगुणत वर जायचे. वळणाआधीच माझा आवाज ऐकून दवाखान्याचा पहारेकरी फाटक उघडायचा. मोठ्या सिस्टरबाई म्हणायच्या, "मास्तर, तुमच्यापेक्षा तुमची गाडी वेळेची पक्की आहे हो!" मास्तर लाजायचे आणि बाई मागून त्यांना कोपर मारायच्या.

तेव्हा माझी देखभाल करायचे मास्तरांचे साडू. म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते मिस्त्री, त्यांचं स्वतःचं गॅरेज. माणूस गाडीएवढाच जड, तोंडाने फटकळ, पण हात असा, की दुखरी जागा न सांगता सापडायची. सगळं छान चाललं होतं. पण साडू-साडूंचं सरळ चाललंय असं कधी ऐकलंय का तुम्ही?

एकदा घरात सगळी मंडळी जेवायला बसली होती. मास्तर सहज बोलून गेले, "साडूबुवा, गाडीची चेन जरा लोंबतेय बरं का. अजून आवळली असती तर बरं झालं असतं."

मिस्त्री घास चावता चावता म्हणाले, "मास्तर, गाडी राखणं म्हणजे काजं-बटणं करणं नव्हे."

सगळी पंगत हसली. मास्तरही हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पान्यांचा एक संच आणला, माझ्यासोबत आलेलं पुस्तक कपाटातून काढलं, आणि मी परत त्या गॅरेजची पायरी म्हणून चढले नाही.

आता खरं ते सांगते. मास्तरांनी माझी कधी आबाळ केली नाही. दर रविवारी आंघोळ. दातांच्या जुन्या ब्रशने, रॉकेल लावून, चेनची एकेक कडी घासायचे. मग पुसून तेल. इंजिनाचं ऑइल वेळच्या वेळी बदललं, टायरची हवा तपासली, हवेची जाळी झटकली. गल्लीतल्या बाकीच्या गाड्या माझ्याकडे बघून उसासे टाकायच्या. त्यांच्या चेनवर गंजाचे थर आणि मी अशी नवरीसारखी.

पण मास्तरांना एक खोड. त्यांना लोंबणारं काही बघवायचं नाही. शर्टाला एक धागा लोंबताना दिसला तर गिऱ्हाइकाला भर रस्त्यात थांबवून तो तोडतील असा माणूस. मला मेन स्टँडवर उभी करायचे, चेन बोटाने खालीवर करायचे, आणि जरा हलली की, "अजून ढिली आहे!" म्हणून आवळायचे. क्लचची दांडी ओढायला लागायच्या आधी किंचित मोकळी हलते. ती तशीच हलायला हवी असते. मास्तरांना ते सैल वाटलं. आवळलं. मागच्या ब्रेकचा पायडल थोडा खाली गेल्यावर मग धरतो. तेही आवळलं.

त्या पुस्तकात सगळं लिहिलं होतं हो! किती मोकळं ठेवायचं, त्याचं चित्रसुद्धा होतं. मास्तरांनी साफसफाईचं पान पाठ केलं आणि हे मापाचं पान नुसतं उलटलं. म्हणाले, "एवढी ढील? छापणाऱ्याची चूक असणार."

मित्रांनो, लोकांच्या गाड्या दुर्लक्षाने मरतात. मी कौतुकाने मरत होते.

माझं काय व्हायचं ते सांगते. मी उभी असताना घट्ट दिसणारी चेन, वर दोन माणसं आणि गठ्ठा बसला की आणखी ताणली जायची. तारेसारखी. चाकाच्या पोटातली बेअरिंग कण्हायची. क्लच कायम अर्धवट दाबलेला, म्हणून इंजिन ओरडायचं पण जोर चाकापर्यंत पोचायचाच नाही. आणि ब्रेक तर सतत घासत. म्हणजे एका पायाने धाव आणि दुसऱ्या पायाने थांब. मला बोलता आलं असतं तर मी पहिल्याच रविवारी बोंब मारली असती. पण आम्हा गाड्यांची बोंब म्हणजे नुसता आवाज, आणि मास्तर आवाज ऐकला की पाना घ्यायचे.

व्हायचं तेच झालं. एका शुक्रवारी अर्ध्या चढावर माझं इंजिन किंचाळायला लागलं आणि मी जागची हलेना. मागच्या चाकातून जळका वास सुटला. बाई उतरल्या, मास्तर उतरले, आणि दोघांनी मला ढकलत वर नेलं. पहारेकऱ्याने फाटक उशिरा उघडलं. त्याला माझा आवाज ओळखूच आला नाही. त्याची मला काय लाज वाटली म्हणून सांगू!

घरी आल्यावर मास्तरांनी पान्यांचा संच कोपऱ्यात टाकला. बाई म्हणाल्या, "अहो, भाऊजींना एकदा दाखवा तरी."

"काही नको. मी हिची हयगय केली का? जेवढं करायचं तेवढं केलं. म्हातारी झाली, संपली." आवाज कडक, पण बोलताना त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली होती.

त्यांनी माझ्यावर ताडपत्री टाकली. पुढच्या शुक्रवारी मास्तर गठ्ठा खांद्यावर मारून चढ चढले आणि आल्यावर बाईंनी त्यांच्या पायांना तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताडपत्रीखालून ऐकलं, भंगारवाल्याला निरोप गेला होता. सोमवारी सकाळी तो मला घेऊन जाणार होता.

मधे फक्त रविवार होता.

आणि त्या रविवारी मिस्त्री आले. गाडीसाठी नव्हे, पँटीसाठी. साडूंचा अबोला गाडीपुरताच होता. कपडे शिवायला मिस्त्री दुसरीकडे जाणार तरी कुठे? एवढ्या घेराची पँट बसती शिवणं दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं.

मिस्त्री नवी पँट घालून आरशासमोर उभे राहिले. "फक्कड! काढतो आता."

"थांबा. बसा खुर्चीवर," मास्तर म्हणाले.

"अहो झाली की बरोबर."

"उभ्या माणसाला कुठलीही पँट बरोबर होते, साडूबुवा. माणूस बसला की खरं माप कळतं. लुजिंग, म्हणजे थोडी मोकळीक, नको का ठेवायला? बसा, खाली वाका, पाय वर घ्या. मागच्या वेळी दुसऱ्याकडून शिवलीत ती कुठे उसवली ते सांगू का चारचौघांत?"

मिस्त्री बसले, वाकले. पँट टिकली. मास्तरांनी त्यांच्या कमरेत दोन बोटं सरकवून बघितली आणि मान डोलवली.

बाई कोपऱ्यात बटणं लावत होत्या. दातात दोरा धरूनच त्या म्हणाल्या, "अहो, माणसाला बसवून बघता. गाडीवर कधी कोणाला बसवून बघितलंत?"

मास्तर टेपचं टोक हातात धरून तसेच उभे. मिस्त्रींचं तोंड उघडलं, पण बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की ते परत मिटलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

मग मास्तर बाहेर आले आणि ताडपत्री ओढली. मित्रांनो, ते ऊन माझ्या टाकीवर पडलं ना, त्याची किंमत मलाच ठाऊक.

"साडूबुवा," मास्तर हळूच म्हणाले, "बसता का जरा हिच्यावर?"

"माझ्या वजनाने मरेल ती."

"बसा हो! गठ्ठ्याच्या जागी तुम्ही."

मला स्टँडवरून खाली घेतलं. मिस्त्री बसले, पुढे बाई बसल्या. मास्तरांनी खाली गुडघे टेकून चेनला बोट लावलं. ती हलेचना. टणक! त्यांनी तिच्यावर नख मारलं तर 'टंग' असा आवाज आला.

मास्तरांचा चेहरा असा उतरला, की मलाच वाईट वाटलं. "अगं, मी हिला काखेत घट्ट अंगरखा घालून डोंगर चढायला लावत होतो," ते म्हणाले. "शिकाऊ पोरसुद्धा असलं कापत नाही."

मिस्त्री वरून म्हणाले, "चूक एकट्या तुमची नाही. त्या दिवशी जेवताना मी तोंड सांभाळलं असतं तर गाडी माझ्याकडेच आली असती."

"ते राहू दे. मोकळं किती ठेवू, ते सांगा."

"पुस्तकात आहे. वाचा की!"

मग उलटलेलं पान सुलट झालं. मागच्या चाकाचा मोठा नट सैल केला. दोन्ही बाजूंच्या खुणा मोजून चाक सारखं पुढे सरकवलं, म्हणजे वाकडं बसायला नको. मास्तर चाक हळूहळू फिरवत होते आणि चेन जिथे सगळ्यात ताठ येत होती तिथे बोट लावून बघत होते. शेवटी ती पुस्तकातल्या चित्राएवढी खालीवर हलली. परत दोघांना बसवलं, परत बघितलं. क्लचच्या दांडीला थोडी मोकळीक दिली, ब्रेकच्या पायडलला दिली. हाताने ढकललेलं माझं चाक किती दिवसांनी गरगर फिरलं!

"आता तो मोठा नट करकचून आवळा," मिस्त्री म्हणाले. "नाहीतर उद्यापासून सगळंच मोकळं सोडाल आणि चाक एकीकडे, तुम्ही एकीकडे."

"कळतं मला!"

"आजच कळायला लागलंय, म्हणून म्हटलं."

बाई हसून हसून खाली बसल्या.

पण खरी परीक्षा चढावर होती. क्लचच्या प्लेटा झिजल्या होत्या, किती ते कोणालाच माहीत नव्हतं. मास्तर पुढे, मिस्त्री मागे. बाई चढाच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या. मी मनात म्हटलं, म्हातारे, आज चुकलीस तर उद्या बादली.

पहिला गिअर. दुसरा. जिथे अडकले होते ती जागा आली आणि माझं इंजिन जड झालं. मास्तर पुढे झुकले. त्यांचा हात अ‍ॅक्सिलरेटर घाबरून पिळत नव्हता, सावकाश देत होता. आणि माझा जोर थेट चाकात उतरला. एक हिसका नाही, एक किंकाळी नाही. मागे मिस्त्री लहान पोरासारखे ओरडत होते, "चढली! चढली रे मास्तर!" वळण घेऊन बघते, तर पहारेकरी आधीच फाटकाची कडी काढत होता. रविवार होता, कोणी येणार नव्हतं, तरी काढत होता.

सोमवारी सकाळी भंगारवाला आला. तोही मोटारसायकलवरच. त्याची गाडी माझ्यापेक्षा कितीतरी तरुण, पण चेन कोरडी ठणठणीत, गल्लीच्या तोंडापासून किर्र किर्र करत आली बिचारी.

"कुठाय माल?" त्याने विचारलं.

"माल नाही," मास्तर म्हणाले. "निरोप रद्द. चहा घ्या आणि जा."

"म्हणजे माझी फेरी फुकट गेली की!"

मास्तरांचं लक्षच नव्हतं. ते त्याच्या चेनकडे बघत होते. आत गेले, ब्रश, रॉकेल, तेल आणि पुस्तक घेऊन आले. भंगारवाला चहा पीत राहिला आणि मास्तर त्याच्या गाडीपाशी गुडघ्यांवर बसले. अर्ध्या तासाने तो निघाला तेव्हा गाडीचा किर्र आवाज बंद होता. थोडं पुढे जाऊन तो थांबला, खाली वाकून चाकाकडे बघितलं, काही बिघडलंय का म्हणून. मग डोकं खाजवत निघून गेला. जाता जाता त्याच्या गाडीने, त्या तरुण पोरीने, माझ्याकडे दिवा वळवला. आमच्यात त्याला राम राम म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या दारात माझी एखादी बहीण उभी असेल. तिची चेन पुसा, तेल द्या, ऑइल बघा, हवा बघा. तिच्याबरोबर आलेलं पुस्तक सगळं वाचा, पटलेली पानंही आणि न पटलेलीही. जे कळत नाही ते विचारा. जो चांगलं सांगेल तो फटकळ असला तरी विचारा. माया करा, खूप करा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून माया करताना मधेमधे थांबा आणि आमचं काही दुखतंय का, ते बघा.

बरं, आता पुरे. आज शुक्रवार आहे. बाई गठ्ठा बांधताहेत, आणि मास्तरांनी किकवर पाय ठेवला आहे.