मला खिळ्यावर टांगू नका

मित्रांनो, मी एक जुनी चिखलफळी आहे. "अरेरे, बिचारी!" म्हणायचं असेल तर इथूनच घरी जा. मला दया नकोय.

ओहोटी लागली की आमच्या सोमगोल गावापुढचा समुद्र पार निघून जातो आणि मागे उरतो चिखल, मांड्यांपर्यंत रुतवणारा. त्यात पाय टाकलात की संपलंच, बसा भरतीची वाट बघत. पण गावातल्या बायका त्यावरून सुसाट जातात, कारण त्यांच्याखाली फळी असते. एक गुडघा फळीवर, छाती पुढच्या टोपलीवर, आणि दुसऱ्या पायाने ढकलायचं. त्या चिखलात शिंपल्यांची पिल्लं पेरतात, मोठी झाली की हाताने वेचतात. यंत्राने तळ खरवडायचा नाही, म्हणून पुढच्या वर्षीही चिखल देत राहतो.

मला मालसुन आजीच्या नवऱ्याने बनवलं. माझं नाक, म्हणजे पुढचं टोक, उकळत्या पाण्यात शिजवलं आणि दोरीने ताणून वर वाकवलं. दुखलं ना! पण त्या वाकड्या नाकामुळेच मी रुतत नाही. मग आजीने मला असं दामटलं की तिच्या गुडघ्याने माझ्या पाठीवर खळगा पडला. एकीची फळी दुसरी वापरत नाही आमच्यात. दुसऱ्याचा चष्मा मागतं का कोणी?

पुढे आजीचा गुडघा गेला आणि तिने मला पाहुण्यांच्या खोलीत खिळ्यावर टांगलं. त्या खोलीत संशोधक यायचे. समुद्राला न ओरबाडता शिंपल्या कशा पिकवतात, ते कामात राहून शिकायला. पण काम कोण करू देतंय! पाहुण्याला चिखल लागला तर गावाचं नाक कापलं जातं म्हणे. आजी त्यांना खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर बसवायची आणि खायला घालायची. एक उंचापुरा साहेब आला होता, त्याने सगळा चिखल खिडकीतून अभ्यासला आणि जाताना पँट बसेना म्हणून आजीच्या मुलाची घालून गेला. जाण्याआधी प्रत्येक जण माझ्यासोबत फोटो काढायचा. मी काय कोणाची नवरी आहे?

या हिवाळ्यात वुलान आली, इंडोनेशियाहून. बारकीशी, पण हट्टी.

"आजी, मला चिखलात जायचंय."

"आधी जेव."

"जेवले."

"मग परत जेव. हडकुळी!"

तिला हवा होता सगळ्यात लांबचा वाफा. तिथे नवी पिल्लं पेरली होती आणि ती जगली की मेली, हे पाहणं हेच तिचं काम. तो वाफा मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो. ती ओहोटी उद्यावर आली होती, आणि त्यानंतर वुलान निघणार होती. कोणी तिला नेईना, फळीही देईना.

त्याच दिवशी गावप्रमुख दोकबे आला. मला टकटक वाजवून म्हणाला, "आजी, उद्या हिला रोगण मारतो. गावच्या सभागृहात लावू, काचेत."

माझं डोकंच फिरलं! एकदा काचेत गेले की परत कोण मला चिखलात नेणार? आजीने माझ्या खळग्यावरून नुसता हात फिरवला.

सकाळी आजी स्वयंपाकघरात होती. वुलानने मला खिळ्यावरून उतरवलं, काखेत मारलं आणि पळाली. दारात दोकबे, हातात रोगणाचा डबा.

"अगं ए! ती शोभेची आहे!"

"मग तुम्ही लटका तिथे, काका!"

चिखल लागला अंगाला आणि काय सांगू मित्रांनो! पण चार धक्क्यांत वुलान तोंडावर आपटली. नुसते डोळे दिसत होते. वेचणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. मग एकीने विचारलं, "काय गं, आज पाहुणीला नाश्त्याला चिखल?" आणि जी काय हसली सगळी खाडी!

बांधावर दोकबे नाचत होता. "गावाची अब्रू गेली! ओढा तिला बाहेर!"

तेवढ्यात आजी आली, लंगडत, हातात डाव घेऊन. मला वाटलं, आता मार. तिने डाव दोकबेवर उगारला. "तू गप रे!" आणि वुलानवर ओरडली, "माझ्या खळग्यात काय गुडघा घालतेस? माझा गुडघा बैलाचा, तुझा कोंबडीचा! हे भर त्यात!" डोक्याचा रुमाल सोडून तिने गुंडाळी करून फेकली. "आता ढकल! टाच नको, चवड्याने!"

वुलानने ढकललं. पडली, उठली, परत ढकललं. मी नाक वर करून निघाले. किती वर्षांनी! लांबच्या वाफ्यावर तिने चिखलात हात घातला. काही शिंपल्या उघड्या निघाल्या, मेलेल्या. तिचा चेहरा पडला. तिने आणखी खोल हात घातला आणि मूठ वर काढली. घट्ट मिटलेल्या, बारक्या, जिवंत!

परत आल्यावर आजीने तिला ताट वाढलं नाही. शिंपल्यांचं टोपलं तिच्यापुढे आदळलं. "घासून काढ. मग जेव."

पाहुण्याला असं कोणी सांगत नाही. वुलान घासत बसली, आणि कानापर्यंत हसत होती.

दोकबेने रोगण स्वतःच्या दाराला लावलं.

आता मी ओसरीत उभी असते, ओली, घाणेरडी, मजेत. आजीचा रुमाल अजून माझ्या खळग्यात आहे. येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला आजी आधी माझ्यावर ढकलते आणि मग जेवायला बोलावते. मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी टांगलेलं असेल, पुसून ठेवलेलं. त्याला खाली काढा. मोडलो तर मोडू. पण आम्हाला काम द्या!