दोन सिटिंगच्या मधली हनुवटी

डॉक्टरबाईंनी दिलेला कागद प्रेरणाने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, आणि घरातली माणसं तो पोथी वाचावी तसा रोज वाचत होती. लेझरच्या दोन सिटिंगमध्ये सहा आठवड्यांचं अंतर. त्या सहा आठवड्यांत धागा नाही, वॅक्स नाही, चिमटा नाही, ब्लीच नाही, चेहरा रगडायचा नाही, ऊन टाळायचं. केस दिसलेच तर फक्त रेझर फिरवायचा, कारण केसाचं मूळ आत राहिलं तरच लेझर त्याला जाळणार. मे महिन्यात वडनेर भोलजीला राहणाऱ्या मुलीला ‘ऊन टाळा’ म्हणणाऱ्या डॉक्टरबाईंच्या आशावादाला नमस्कारच करायला हवा. इथे सकाळी नऊ वाजता गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आंघोळीला विसणावं लागतं.

प्रेरणा सव्वीस वर्षांची. नांदुऱ्याला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. हात असा हलका की म्हातारी माणसं ‘तीच पोरगी पाह्यजे’ म्हणून अडून बसायची. पण सोळाव्या वर्षी हनुवटीवर राठ काळे केस उगवले आणि तेव्हापासून त्या हनुवटीने तिचा ताबा घेतला. डॉक्टर म्हणाले हार्मोन्स. गाव काय म्हणालं ते सोडून द्या. बोलताना हनुवटीखाली तळहात टेकायची सवय तिला तेव्हाच लागली. भावकीतल्या झाडून सगळ्या लग्नांच्या अल्बममध्ये प्रेरणा गहन विचारात पडलेली दिसते. विचार एकच असायचा, फोटो लवकर काढा.

यंदा तिने स्वतःच्या पगारातून खामगावला लेझर सुरू केलं. चार सिटिंग झाल्या आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं की दुपारभर आपला हात हनुवटीकडे गेलाच नाही. तिला एवढा आनंद झाला की ती लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडली. त्याच दिवशी तिने ठरवलं, की ज्या घरात जाईन तिथे तळहात टेकून बसणार नाही. लपवावं लागेल असं घर नको.

हे ठरवून आठवडा होतो न होतो तोच झुंबरबाईंनी मुलगा आणला.

झुंबरबाई म्हणजे प्रेरणाची आत्या. मुक्काम माहेरीच, आणि काम जगाचं भलं करण्याचं. मुलगा वरवट बकालचा, हर्षल नावाचा, खामगावला बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. एकुलता एक. पाहण्याचा कार्यक्रम रविवारी ठरला. ठरवताना प्रेरणाला विचारण्याची चूक अर्थातच कुणी केली नाही. रविवार म्हणजे सिटिंगनंतरचा बारावा दिवस. लेझरने जळलेले केस दहा-पंधरा दिवसांनी बाहेर पडतात. ते उगवत नसतात, गळत असतात. पण गळणारा केस आणि उगवणारा केस दिसायला सारखाच, आणि पाहुण्यांना हा फरक समजावून सांगायला पाहण्याच्या कार्यक्रमात वेळ राखून ठेवलेला नसतो.

रविवारी सकाळी सातलाच आत्या सबीहाला घेऊन आली. सबीहाचं पार्लर बसस्टँडमागे. दहा वर्षं दर पंधरवड्याला तिनेच प्रेरणाच्या हनुवटीवर धागा फिरवला होता आणि दहा वर्षांत एका शब्दाने कुठे बोलली नव्हती.

“लाव धागा,” आत्या म्हणाली. “पाच मिनिटात कोरी करून टाक.”

“आत्या, धागा नाई,” प्रेरणा म्हणाली. “मूळ निघालं तं लेझर कायले मारन? चार सिटिंग पाण्यात जातीन.”

“अन् लगन पाण्यात गेलं तं?”

सबीहाने धागा दातात धरला होता. तिने तो काढला, गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. “बरोबर बोलून राह्यली ते, आत्याबाई. जडच उपटली तं मशीन क्या करेगी? मी नाई करत.” आपल्या हाताने आपलं जुनं गिऱ्हाईक लेझरच्या हवाली करून ती चहा पिऊन निघून गेली. जाताना तिने प्रेरणाच्या गालाला हात लावला. 

राहिला रेझर. प्रेरणाने हनुवटीवर फेस लावला आणि केसांच्या दिशेने हलक्या हाताने पातं फिरवायला सुरुवात केली, तशी आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

“व माय! बाईच्या तोंडाले वस्तरा! बोकडावानी दाढी येईन तुले!”

“ते तं आधीच आली होती, आत्या. आता चाल्ली.”

मग आत्याने हळद-बेसनाची वाटी पुढे केली. रगडून लावलं की लेझरच्या बापालाही जमत नाही ते होतं, हे तिचं शास्त्र. स्वतःच्या ओठावरची मिशी मात्र या शास्त्राला पन्नास वर्षं दाद देत नव्हती. प्रेरणाने वाटी बाजूला सारली, क्रीम लावलं, वर सनस्क्रीन लावलं. आई पोह्यांचे कांदे चिरता चिरता दोघींकडे पाहत होती. तिचं मत विचारायची या घरात पद्धत नव्हती. वडील, भगवानराव, पेपर वाचत होते. मुलीच्या हनुवटीच्या बाबतीत त्यांनी दहा वर्षं पेपरच वाचला होता.

अकराला येणारे पाहुणे साडेबाराला आले. मुलगा, त्याची आई आणि एक काका. काकांची जबाबदारी पोहे खाण्याची होती आणि ती त्यांनी चोख पार पाडली. हर्षल उंच, गोरटेला, आणि दाढीवाला. अशी भरगच्च, कोरीव दाढी की आत्या बघतच राहिली.

“आमच्या हर्षलची दाढी पाह्यली का?” त्याची आई म्हणाली. “ऑफिसात सगळे विचारते, कोणतं तेल लावतो म्हून. मर्दाले दाढी शोभतेच, बाई.”

सगळ्यांनी मुलाच्या दाढीचं मनापासून कौतुक केलं. ज्या गोष्टीसाठी एकाला शाबासकी मिळते तिच्यासाठीच दुसरीने सकाळी सातला आत्याची बोलणी खाल्ली होती, पण हा हिशेब त्या खोलीत फक्त प्रेरणाच करत होती.

“पोरापोरीले बोलू द्या पाच मिनिटं,” आत्या म्हणाली आणि दोघांना गच्चीवर पाठवून दिलं. भर दुपारी पाऊणला. जावई हातचा निसटू नये म्हणून आत्या काहीही भाजायला तयार होती.

गच्चीवर सावली एकच, पाण्याच्या टाकीची, हातभर रुंद. प्रेरणा चटकन तिच्यात जाऊन उभी राहिली. हर्षलही तिकडेच सरकला. दोघांनी एकमेकांची माफी मागितली, पण बाहेर कुणीच गेलं नाही.

लपवायचं नाही हे ठरलेलंच होतं. प्रेरणाने सांगून टाकलं. “मले हनुवटीवर केस येते. खामगावले लेझर चालू हाये. आज सकाळी दाढी करून बसली मी तुमच्यासमोर.”

 हर्षलला हसू फुटलं. कुचेष्टेचं नव्हे, सुटल्यासारखं. “खामगावले कोणत्या डॉक्टरकडे?”

तिने सांगितलं. त्याच डॉक्टरबाई, तोच जिना, तसाच कागद. ‘ऊन टाळा’ त्यालाही होतं. तेवढ्यात तिला दिसलं, की घामाची एक काळी धार त्याच्या डाव्या गालावरून कॉलरकडे निघाली आहे. लॅबमधल्या सवयीने तिने रुमाल पुढे केला. रुमाल काळा झाला आणि त्याच्या डाव्या गालावर दोन बोटांएवढं गुळगुळीत, कोरं टक्कल उघडं पडलं.

“इथी येतच नाई,” तो हळूच म्हणाला. “सात महिने झाले औषध लावून राह्यलो. तोवर काजळाच्या पेन्सिलनं भरतो. घरी कोनाले माहीत नाई.”

“मी नाई सांगत,” ती म्हणाली.

“अन् मले तुमच्या दाढीनं काही फरक नाई पडत. खरंच.”

प्रेरणाला तो फार आवडला. इतका, की त्याने खिशातून पेन्सिल काढली तेव्हा तिनेच ती हातात घेऊन त्याचा गाल भरून दिला, बारीक बारीक रेघांनी, थेट खऱ्यासारखा. खाली उतरताना तिचा हात हनुवटीकडे गेला नाही.

खाली मुलाच्या आईने तिला खिडकीशी बसवलं. उजेडात. बाईची नजर बियाणं निवडणाऱ्या घरातली. खडा सुटणं शक्यच नव्हतं.

“पोरी, हे काय व हनुवटीले? काळं काळं?”

 आत्या “उष्णता” म्हणाली, मग “डास” म्हणाली. प्रेरणाने हर्षलकडे पाहिलं. आता तो बोलेल. आत्ताच तर वर म्हणाला होता. त्याने एवढंच म्हणायचं होतं, की आई, मला माहीत आहे आणि मला चालतं.

हर्षल छताचा पंखा बघत होता. पंख्यात बघण्यासारखं काही नव्हतं. वीज गेलेली होती.

“केस हायेत,” प्रेरणा म्हणाली. “लेझर चालू हाये. दोन सिटिंगच्या मधात दाढी करा लागते. सकाळी केली.”

“बाईमानूस अन् दाढी!” बाईंनी पदर तोंडाला लावला. “आमच्या घरी असं कधी पाह्यलं नाई, बाप्पा. अन् आमच्या हर्षलले पाहा, लोकं नावाजते…”

प्रेरणाच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. रुमाल तिच्या मुठीतच होता, काळा झालेला. हर्षलने पंखा सोडून तिच्याकडे पाहिलं, आणि असं पाहिलं की तिला त्याची कीवही आली आणि रागही आला. वाक्य तिने गिळलं. ते त्याचं होतं, त्यानेच बोलायला हवं होतं.

तो बोलला. “आई, निघू आता. ऊन लागन.”

पाहुणे गेल्यावर आत्याने घर डोक्यावर घेतलं. आई कपबशा उचलत राहिली. भगवानरावांनी मात्र पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, “खरं बोलली पोरगी.” दहा वर्षांतलं त्यांचं या विषयावरचं हे पहिलं भाषण होतं. प्रेरणा खोलीत गेली आणि दार लावून खूप रडली. बाई बोलली त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. तो गप्प बसला ते लागलं.

बुधवारी ती लॅबमध्ये जायला निघाली तेव्हा हर्षलचा फोन आला. आवाजात लगीनघाई.

“आई तयार झाली! काकाईनं समजावलं, पोरगी कमावती हाये म्हून. फक्त एक हाये. ते लेझरचं लग्नाआधी गुपचूप उरकून टाकायचं. आमच्याकडे कोनाले कळू द्यायचं नाई. कोनी आलं तं थोडा पदर असा पुढे घ्यायचा, बस.”

“बरं,” प्रेरणा म्हणाली. “माझं तुमच्या आईले माहीत झालं. तुमचं बी सांगून टाका त्याईले. मंग दोघंबी सारखे.”

पलीकडे त्याने आवाज खाली आणला. मग तो म्हणाला, “ते वेगळं हाये, प्रेरणा. माणसाचं वेगळं असते.”

“हाव, वेगळंच हाये,” ती म्हणाली. “माझे केस जाऊन राह्यले. तुमचे येऊन नाई राह्यले.”

आणि तिने फोन ठेवला.